हप्ता आला का?

श्रोतेहो, नमस्कार.

शेतकऱ्यांसाठीच्या केंद्राच्या पीएम किसान योजनेचा हप्ता पडला की दुसऱ्या दिवशी आमच्या बाजारपेठेतल्या, अंगठा लावून बँकेतले पैसे देणाऱ्या ग्राहक सेवा केंद्रासमोर रांग लागते. मागच्या खेपेला मीही तिथे बाकावर बसलो होतो. एका मावशींनी अंगठा लावला, मशीन घेईना. पदराला पुसून पुन्हा लावला. मग तर्जनी, मग डावा हात. खुरपं धरून धरून बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. शेवटी अनामिका लागू पडली. पाचशेच्या चार नोटा हातात आल्या, त्या मावशींनी दोनदा मोजल्या.

या दोन हजारांत काय येतं? डीएपी खताची एक गोणी १३५० रुपयांची. युरियाच्या दोन गोण्या, २६६ रुपये ५० पैशांच्या हिशेबाने ५३३. उरले ११७. तेही दुकानदाराने लिंकिंगच्या नावाखाली, म्हणजे खताबरोबर हेही घ्याच म्हणून, एखादी बाटली गळ्यात मारली नाही तर!

ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. २०२३ पासून राज्याने नमो शेतकरीचे सहा हजार वेगळे द्यायला घेतले. पण गावात मला कोणी योजनेबद्दल विचारत नाही. विचारतात ते एवढंच, ‘शेजाऱ्याचा आला, माझा का नाही?’

कधी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलेली असते. कधी पैसे आलेलेच असतात, पण दुसऱ्या बँकेत. पैसे आधारच्या पाठोपाठ जातात. आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं, तिथे ते पडतात, आणि आपण मात्र जुनं पासबुक भरून आणतो.

खरी गाडी अडते ती सातबाऱ्यावर. जमीन ज्याच्या नावावर, हप्ता त्यालाच. वडील जाऊन चार वर्षं झाली, तरी उताऱ्यावर नाव वडिलांचंच. भावाभावांत वाटणीचं ठरत नाही म्हणून कोणी तलाठ्याकडे जातच नाही. अहो, वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे! अर्ज द्यायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा, पंधरा दिवसांची नोटीस निघते, हरकत आली नाही तर फेरफार मंजूर होतो. जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर हवी, ही अट खरी, पण वारसाने आलेल्या जमिनीला तिच्यातून सूट आहे. आणि आईचं नाव आधी लावा. भाऊ वाटणीवर भांडत बसतात आणि आईचा हप्ता बुडतो, हे मी फार पाहिलंय.

नोटा कनवटीला लावून मावशी बाहेर आल्या. त्यांना घरी न्यायला मोटारसायकल घेऊन त्यांचा वाटेकरी थांबला होता. पेरणी, पाणी, राखण सगळं त्याच्याकडे. त्याच्या स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यामुळे हप्ताही नाही. वाटेत दोघं खताच्या दुकानावर थांबले. डीएपीची गोणी घेतली. निम्मे पैसे मावशींनी दिले, निम्मे दुकानदाराने वाटेकऱ्याच्या उधारीच्या खात्यावर मांडले.