पंचेचाळिशीतला ऑलराउंडर

कँटरबरीचं सेंट लॉरेन्स मैदान. सीमारेषेजवळ एकटं उभं आहे ते लाइमचं झाड. लिंबाशी त्याचा काही संबंध नाही. इथला जुना, जाडजूड लाइम जानेवारी 2005 मध्ये वादळात पडला, मग हे रोप लावलं. त्याच वर्षी लेस्टरशर ही इंग्लिश काउंटी सोडून डॅरेन स्टीव्हन्स इथल्या केंट काउंटीकडे आला. तेव्हा तो फलंदाज म्हणूनच ओळखला जायचा.

आता ही बोलिंग बघा. घाई कसलीच नाही. वेग साधारण ताशी 110 किलोमीटर, म्हणून कीपर थेट स्टंपांना चिकटलेला. फलंदाजाला क्रीज सोडायची सोय नाही. मनगट मागे, सीम म्हणजे चेंडूची शिवण उभी, पण किंचित डुगडुगती. टप्पा पडल्यावर चेंडू आत येईल की बाहेर जाईल, हे बोलरलाही सांगता येत नसावं. टप्पाही असा, की पुढे जावं तर कट लागते आणि मागे राहावं तर पाय सापडतो. त्यात उठावदार शिवणीचा, इंग्लंडमध्ये वापरतात तो ड्यूक्सचा चेंडू आणि एप्रिल-मेमधली ओलसर खेळपट्टी. तिशीनंतर शिकलेली ही कारागिरी. 'फारच स्लो' म्हणून तिला नाक मुरडणारे पुष्कळ होते. बाद होणाऱ्यांची रांग मात्र संपत नव्हती.

2019. केंटनं नवा करार नाकारला होता. लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर यॉर्कशरविरुद्ध केंट 5 बाद 39 असताना हा मैदानात होता. 237 केल्या, मग 20 धावांत 5 बळी. वय 43. करार मिळाला.

मे 2021, पुन्हा कँटरबरीचं हे मैदान, समोर ग्लॅमॉर्गन. केंट 8 बाद 128. हा सिक्स बघा. हा दुसरा. हा तर पार प्रेक्षकांत. 149 चेंडूंत 190, त्यात 15 सिक्स. पलीकडच्या टोकाला शांत उभा आहे तो मिगेल कमिन्स. नवव्या विकेटची भागीदारी 166 धावांची, त्यात कमिन्सची 1! नंतर चेंडू हातात घेऊन ग्लॅमॉर्गनकडून खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या लाबुशेनला पायचीत केलं, तेही त्याच सावकाश चालीत.

इंग्लंडकडून एकही सामना नाही. 2022 मध्ये ट्रेंट ब्रिजवर केंटनं वनडे कप जिंकला, आणि त्या मोसमानंतर स्टीव्हन्सनं केंट सोडलं.

पुढची चाळीस सेकंदं मी बोलणार नाही. फक्त बोलिंग बघा.