पाणी एकच, हात दोन

मित्रहो, गटाला प्रशिक्षण देणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. प्रयोग करा, पण त्याचा अर्थ तुम्ही सांगू नका.

तीन पसरट भांडी घ्या. एकात सोसवेल इतकं गरम पाणी, फार तर 40 अंश. दुसऱ्यात बर्फाचे खडे टाकलेलं गार पाणी, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात, मिनिटभर. मग दोन्ही हात एकदम मधल्या भांड्यात घालायचे. गरम पाण्यातून आलेल्या हाताला ते गार लागतं, गारातून आलेल्याला चांगलंच ऊन. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने 17व्या शतकातच हे लिहून ठेवलंय. आपल्या त्वचेला पाण्याचं तापमान नेमकं मोजता येत नाही. आधीपेक्षा काय बदललं, हे मात्र ती लगेच कळवते. (हाताला बधिरपणा असलेल्यांना हा प्रयोग करायला लावू नका. त्यांना भाजलेलं कळत नाही.)

हा प्रयोग मी पहिल्यांदा घेतला तेव्हा हात पुसून व्हायच्या आतच बोलून मोकळा झालो: "पाहिलंत? एकाच निर्णयाकडे दोन माणसं अशीच वेगवेगळी पाहतात." सगळ्यांनी माना डोलावल्या, वहीत लिहून घेतलं आणि खोली गप्प झाली. त्यांच्या हातांना जे नुकतं कळलं होतं, त्याचं मी सुभाषित करून टाकलं होतं. ते मला आजही लागतं.

बरणीत आधी मोठे दगड, मग वाळू, म्हणजे महत्त्वाची कामं आधी, हे शिकवणारा खेळ मला म्हणूनच पटत नाही. त्याचं उत्तर प्रशिक्षकाच्या खिशात आधीच असतं. तो प्रयोग नव्हे, ते प्रात्यक्षिक.

1946 साली अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांची कार्यशाळा होती. दिवसभराच्या नोंदींवर निरीक्षक संध्याकाळी आपसात बोलत. काही सहभागींनी तिथे बसू देण्याची विनंती केली. स्वतःच्या वागण्याचं वर्णन ऐकून त्यांतली एक बाई म्हणाली, हे असं नव्हतं. लेविन यांना त्या मतभेदातच शिकण्याची वाट दिसली. पुढे गट-प्रशिक्षणाची एक अख्खी परंपरा तिथून उभी राहिली.

आता मी तीनच प्रश्न विचारतो आणि प्रत्येकानंतर थांबतो. हाताला काय लागलं? असं का झालं असेल? असं आणखी कुठे होतं? पहिल्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ देतो. एकदा एक जण म्हणाला, "पाणी एकच आहे हे मला माहीत आहे, तरी हात ऐकत नाही." समजावून सांगितल्यावरही सहकाऱ्याचं मन का वळत नाही, यावर गट मग बराच वेळ बोलत राहिला.

रूपक कुठे तुटतं, हेही विचाराच. एका गटात मागून एक बाई म्हणाल्या, "पण आमचा हात बर्फात घातला कोणी? तुम्हीच ना?" खोलीत सगळे एकदम सरसावून बसले. कामाचं वाटप, कोणाला कधी डावललं, सगळं बाहेर आलं. माझ्या टाचणात यातलं काहीच नव्हतं.

त्याच दिवशी आणखी कोणी तरी विचारलं, "दोन्ही हात मधल्याच पाण्यात ठेवले तर फरक किती वेळाने जाईल?" मी म्हटलं, बघा. त्यांनी हात पुन्हा भांड्यांत घातले, मग मधल्या पाण्यात आणले. दोन-तीन मिनिटं गेली. मी पुढच्या सत्राची वेळ झाल्याचं सांगितलं, तरी हात कोणी काढेना.