मे महिन्यातला बर्फ

मंडळी, मे महिन्यात नाशकात बसून बर्फावर बोलायचं म्हणजे थोडी चेष्टाच. आपल्या ओळखीचा बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरची लादी. ती तो गोणपाटात का गुंडाळतो? बर्फाला ऊब मिळेल म्हणून घाबरतो तो! बाहेरची उष्णता आत शिरू नये, एवढंच गोणपाटाचं काम. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

रोहतांगला जाऊन आलेली माणसं हमखास विचारतात, की ऊन इतकं कडक, तरी रस्त्याकडेला बर्फाच्या भिंती कशा उभ्या? खिंड ३,९७८ मीटरवर आहे, हवा गार असते, हे खरं. पण अर्धं उत्तर तुमच्या नाकावर आहे. तिथे नाकाची खालची बाजू भाजते, कारण ऊन खालूनही येतं. ताजं हिम अंगावर पडलेल्या उन्हातला ८० ते ९० टक्के भाग परत फेकतं. ऊन असतं, पण बर्फ ते घेतच नाही.

आणि जे घेतो, तेही फार पुरत नाही. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं, जवळजवळ चहाचं आधण! त्यात रात्री वरचा थर पुन्हा गोठतो. म्हणून वाटाडे पहाटे चारला उठवतात. तेव्हा बर्फ फरशीसारखा टणक असतो, दुपारी त्याच वाटेवर पाय मांडीपर्यंत रुततो. मी एकदा आळस केला होता. साधा ओढा ओलांडायला तास गेला, आणि एक मोजा अजून तिथेच आहे.

एकाच दरीत दोन ऋतू दिसतात. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर गवत, समोरच्या सावलीतल्या उतारावर गुडघाभर बर्फ. सगळ्यात चिवट असतो तो घळीतला. हिमकडे कोसळून तिथे साचतात, दाबून घट्ट होतात, आणि पावसाळा लागला तरी हलत नाहीत. त्यांच्यावर दगडमातीचा जाड थर बसला, की झालं आपलं गोणपाट.

पण माती पातळ पडली तर उलटंच. काळवंडलेला बर्फ ऊन पितो आणि भराभर वितळतो.

हा बर्फ रेंगाळतो हे बरंच आहे. आपली गोदावरी ब्रह्मगिरीवरून निघते ती निव्वळ पावसाच्या जिवावर. उन्हाळ्यात घाटावर पाणी दिसतं ते वर गंगापूर धरण आहे म्हणून. चंद्रभागेला, म्हणजे लाहौलमधल्या, पंढरपूरच्या नव्हे, ऐन उन्हाळ्यातच पाणी चढतं. तिचं धरण डोंगरावरच पसरलेलं असतं आणि थोडं थोडं सुटतं.

कधीकधी मात्र हे रेंगाळणं परवडत नाही. लडाखच्या बाजूला झंस्कारमध्ये पिकाला मिळणारे दिवस मोजके. तिथल्या बाया थंडीआधीच माती घरात साठवून ठेवतात. बाहेरची तर गोठून दगड होणार. मग वसंतात शेतं पांढरी असतानाच पाट्या भरून ती माती बर्फावर विखुरतात. मुठीमुठीनं, पातळ. जाड पडली तर गोणपाट होईल, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.