पिणाऱ्याला परवाना, सोडणाऱ्याला रांग

(दादरच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलंय, बोलण्याची ढब तशीच ठेवलीय.)

अध्यक्षांनी आत्ता माझी ओळख "व्यसनमुक्ती चळवळीतल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या" अशी करून दिली. चळवळ वगैरे काही नाही हो. पालिकेच्या एका हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर होते, व्यसनमुक्तीच्या ओपीडीत माझं टेबल होतं, तिथे बसून नवरे ऐकले, बायका ऐकल्या, आया ऐकल्या आणि रिटायर झाले. ज्येष्ठ मात्र आहे, ते दिसतंच आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय "अमली पदार्थ: कायदा, कारवाई आणि उपचार". येते त्याच्यावर. पण आधी एक विचारते. इथे दारू पिणारे किती आहेत? हात वर करा. (हशा) बघा, एक पण नाही. दादर पश्चिम म्हणजे अगदी सोवळं! बरं, पिण्याचा परवाना किती जणांकडे आहे? तोही नाही. माझ्याकडे आहे. हा बघा, लॅमिनेट करून घेतलाय. आजीवन. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही आणि आमचे हे दर शनिवारी दोन पेग घेतात, तीस वर्षं झाली, परवाना नाही. म्हणजे घरात पिणारा बेकायदेशीर आणि न पिणारी कायदेशीर. ते मागे बसलेत, वळून बघू नका.

हा काढला कसा ते सांगते, मग तुम्हाला माझं दुखणं कळेल. ओपीडीत पेशंटना सांगायचे की बाबा, आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो, तर ते खो खो हसायचे, मॅडम काहीतरी फेकतायत म्हणून. म्हटलं पुरावाच दाखवते. गेले एक्साइजच्या ऑफिसात. टेबलावरच्या भाऊंनी वर बघितलं, म्हणाले, "ताई, साहेबांना पाठवा ना, त्यांची सही लागेल." म्हटलं साहेबांसाठी नाही, मलाच हवाय. "तुम्ही घेता?" नाही. "मग कशाला हवाय?" म्हटलं आरोग्यासाठी. तुमच्याच फॉर्मवर लिहिलंय की, आरोग्य राखण्यासाठी आणि जपण्यासाठी मद्य बाळगण्याचा, पिण्याचा परवाना. त्यांनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला, चष्मा लावला, वाचला. इतकी वर्षं तो फॉर्म देत होते बिचारे, वाचला पहिल्यांदाच. मग शेजारच्या टेबलावरच्याला बोलावलं, त्याने वाचला, मग चहा आला, मग तिसरा आला. शेवटी हजार रुपये भरले, फोटो चिकटवला, आणि सरकारने मला लिहून दिलं की बाई, तब्येतीसाठी पीत जा. आता हे सगळं ऑनलाइन होतं म्हणे, मजा गेली.

आजीवनचे हजार, वर्षाचे शंभर, आणि एका दिवसाचे पाच रुपये. देशीसाठी दोन. आमच्या गल्लीच्या टोकाच्या वाइन शॉपमध्ये एक दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक होतं, गर्दी कमी असली की तो पोरगा मनानेच नावं लिहून पानं भरत बसायचा. कुठली नावं लिहितोस रे, विचारलं तर म्हणाला, "ताई, शाळेतली हजेरी पाठ आहे ना." म्हणजे त्याच्या वर्गातली सगळी मुलं, त्यात एखादा मास्तर पण असेल, रेकॉर्डवर रोज पितायत. आणि परमिट रूमची पाटी तर प्रत्येक नाक्यावर आहे, आत आजवर कोणी कोणाला परमिट विचारलेलं मी ऐकलं नाही.

हे आलं कुठून? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, मोरारजीभाईंचा. तो कायदा अजून आहे, रद्द कधी झालाच नाही. नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र केलं, बस. तेव्हा एक बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले, की मला व्हिस्की, ब्रँडी, बिअर तर हवीच, पण औषधी वाइन आणि ओ-द-कलोन बाळगायचाही हक्क हवा. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बराचसा कायदा ठेवला, औषधं आणि अत्तरपाण्याची कलमं उडवली. व्हिस्की राहिली, कलोन सुटलं! आणि शहर काय करत होतं? घरातच चोरून हातभट्टीची विकणाऱ्या आंटीकडे जाऊन नवटाक मारत होतं. काळा गूळ, नवसागर, गटाराच्या कडेला भट्टी आणि टायरच्या ट्यूबमध्ये माल. या सभागृहातल्या काही जणांच्या वडिलांना आंटीचा पत्ता तोंडपाठ असणार, उगाच नाही म्हणू नका. पुढे वसंतराव नाईकांच्या काळात गाडी सैल केली, परवाने वाटले, देशीची दुकानं आली. म्हणजे आजही कायद्याच्या पुस्तकात महाराष्ट्रात दारूबंदीच आहे, परवाना हा अपवाद आहे आणि त्या अपवादावर सरकारची तिजोरी उभी आहे.

किती उभी आहे, तर जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने इथेच बनणाऱ्या विदेशी दारूवरची ड्युटी उत्पादन खर्चाच्या तिप्पट होती ती साडेचारपट केली आणि सांगितलं की वर्षाला १४ हजार कोटी जास्त येतील. त्या वेळी जाहीर झालेले १८० मिलीचे कमीत कमी भाव सांगते, पायऱ्या बघा. देशी ८० रुपये. मग एक नवीन प्रकार आणला, धान्यापासूनची महाराष्ट्रात बनलेली दारू, ती १४८. विदेशी २०५. प्रीमियम ३६०. परमिट रूमवाल्यांनी १४ जुलैला बंद पाळला, तुमच्यातल्या काहींची त्या दिवशी पंचाईत झाली असेल. पण मला वरच्या पायरीची काळजी नाही, प्रीमियमवाला विदेशीवर उतरेल, विदेशीवाला १४८ वर उतरेल. ८० वाला कुठे उतरतो? तो हातभट्टीवर उतरतो.

मालवणी आठवतंय ना? मालाडचं, जून २०१५. शंभरावर माणसं गेली. निकाल लागायला २०२४ उजाडलं. त्याच्या आधी २००४ ला विक्रोळी. गावठीत मिथेनॉल मिसळलं जातं, स्वस्त पडतं म्हणून. दिसायला, चवीला फरक कळत नाही. शरीरात गेल्यावर लिव्हर त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर जातं. माणूस सकाळी उठतो आणि बायकोला म्हणतो, लाइट लाव ग. लाइट चालूच असतो. आणि याच्यावर उतारा काय माहितीय? चांगली दारू. खरंच सांगते, हॉस्पिटलात इथेनॉल देतात, म्हणजे लिव्हर तिच्यात गुंतून राहतं आणि मिथेनॉलचं विष व्हायचं थांबतं. फोमेपिझोल म्हणून दुसरं औषध आहे, ते महाग आहे. आता विचार करा, बाई घाबरून नवऱ्याला दिवसभर घरात झाकून ठेवते, कारण पोलीस विचारतील कुठे प्याला, आणि तेच तास वाचवण्याचे असतात. भीतीने माणूस हॉस्पिटलात उशिरा येतो, हे मी दारूतही बघितलं आणि गर्दमध्येही, म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनमध्ये. माझा सगळा मुद्दा खरं तर हाच आहे.

नाही नाही, मी दारूवाल्यांच्या बाजूची नाहीये. ज्या बायका आडव्या बाटलीसाठी, म्हणजे मतदान करून दारूचं दुकान बंद पाडण्यासाठी, भांडल्या त्यांच्याबरोबर मी उन्हात उभी राहिलेय. तेव्हाचा नियम माहितीय का? वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद व्हायचं. झालेल्या मतदानापैकी नाही, एकूण! जी बाई माहेरी गेलीय तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. हा नियम आमदारकीला लावला तर विधानसभेत निम्मी बाकं रिकामी राहतील. (टाळ्या) आणि जिल्हाबंदीचं म्हणाल तर वर्धा, गडचिरोली आहेत, चंद्रपूरला २०१५ ला बंदी लावली, २०२१ ला उठवली. त्या सहा वर्षांवर वेगळं व्याख्यान द्या मला, एक गोष्ट आहे तिथली, एका दूधवाल्याची...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, दूधवाला राहू दे. मूळ विषय.

भरभर सांगते. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा केंद्राचा कायदा, १९८५ चा. यात जवळ किती सापडलं त्यावर सगळं ठरतं. गर्द पाच ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमच्या पुढे व्यावसायिक. गांजा एक किलो आणि २० किलो. एमडी, म्हणजे म्याव म्याव, २०१५ पर्यंत कायद्यात नव्हतंच, आता दोन ग्रॅम आणि ५० ग्रॅम. भांग यातून बाहेर, होळीची काळजी नको. नुसतं सेवन केलं, कलम २७, तरी गर्द-कोकेनला वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे, की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला तर त्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प मालाचा खटला चालवायचा नाही. माझ्या टेबलावर आलेल्या किती पोरांना हे कलम माहीत होतं? त्यांच्या वकिलांनाच माहीत नसायचं. या कायद्याची बाकी गंमत अशी की २०१४ च्या दुरुस्तीत पोटकलमांचे नंबर हलले आणि धंद्याला पैसा पुरवणाऱ्यांसाठीचं कलम २७अ सात वर्षं रिकाम्या जागेकडे बोट दाखवत उभं होतं, २०२१ मध्ये नीट केलं. त्याच वर्षी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने सुचवलं होतं की थोडकं जवळ बाळगणाऱ्याला गुन्हेगार धरू नका, उपचाराला पाठवा. नंबर दुरुस्त झाले, हे राहिलं. आणि आपल्याकडे २०२५ मध्ये विधिमंडळाने ड्रग्जच्या धंद्याला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कडक कायदा, लावायची सोय केली. धंदेवाल्याला लावा, माझी ना नाही. पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यातून एमडी निघतं तेव्हा तिथे समुपदेशन करून काय होणार! पण कारवाईचा आकडा भरायचा असला की कारखाना सापडायला वर्ष लागतं, आणि पुलाखालचा पन्नी ओढणारा गर्दुल्ला पाच मिनिटांत सापडतो.

आता उपचार. २०१९ ला एम्सचा देशभराचा सर्व्हे आला, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकाला कसलातरी उपचार मिळालेला. अमली पदार्थांत विसात एक. सुईने गर्द घेणाऱ्यांसाठी सरकारचीच एक चांगली योजना आहे, नाकोची, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संस्थेची. ओएसटी म्हणतात, नशेच्या जागी औषध. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. ती अफूच्याच कुळातली, पण टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, येत नाही, नशा चढत नाही, श्वास दबायचा धोका बराच कमी, आणि सुई सुटली की सुईतून येणाऱ्या एचआयव्हीचा रस्ता बंद. नर्स गोळी कुटून जिभेखाली ठेवते, पूर्ण विरघळेपर्यंत समोर बसवते, तोंड उघडून बघते, मग सही. रोज. रविवारी पण. एक पोरगा होता, नाक्यावर उभा राहून रंगकाम मिळवायचा. नाका आठला भरतो, सेंटर नऊला उघडतं. गोळी घ्यावी तर त्या दिवसाचं काम गेलं, काम घ्यावं तर संध्याकाळी टर्की. त्याने दोन महिने ओढलं आणि मग नाका निवडला. कार्डावर आम्ही काय लिहिलं? "पेशंट अनियमित."

आणि लॉकडाऊन आठवा. मे २०२० मध्ये सरकारने दारू घरपोच द्यायला परवानगी दिली, परवान्यावर! त्याच वेळी नाकोनेही काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला दिल्या. म्हणजे देता येतात की! तब्येतीसाठी बाटली घरी नेता येते, हा माझ्याकडे कागद आहे, आणि ज्याला खरंच तब्येतीसाठी हवंय त्याने जन्मभर रांगेत उभं राहून आ करून दाखवायचा? गोळ्या बाजारात विकतात म्हणे. विकतात काही जण, मी पण बघितलंय. म्हणून ज्याचं सहा महिने नीट चाललंय त्याला आठवड्याच्या द्या, मधूनमधून लघवी तपासा, आणि सेंटर सकाळी सातला उघडा. याला कायदा बदलायला लागत नाही, कुलूप उघडणारा माणूस लागतो.

अजून दोनच गोष्टी. नॅलोक्सोन म्हणून इंजेक्शन आहे, गर्दचा ओव्हरडोस झालेल्याचा अडकलेला श्वास परत सुरू करतं. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, हॉस्पिटलच्या कपाटात असतं, पुलाखाली नसतं, आणि माणूस मरतो पुलाखाली. पोरांबरोबर काम करणाऱ्या संस्थांच्या पिशवीत ते हवं. दुसरं, खाजगी व्यसनमुक्ती केंद्रं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनालाही लागू आहे, केंद्राची नोंदणी लागते, साखळी लावून डांबता येत नाही. कुणी "गाडी पाठवतो, उचलून आणतो" म्हणालं तर आधी नोंदणी नंबर विचारा. मृत्युदंडाबद्दलही बोलायचं होतं, आपल्याच मुंबई हायकोर्टाने २०११ मध्ये एनडीपीएसमधली सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली होती, पण अध्यक्ष घड्याळ काढून बसलेत.

प्रश्नोत्तरांना वेळ नाही असं कळतंय. चहा खाली आहे, तिथे विचारा. फक्त एक, दर वेळी होतं म्हणून सांगते, "आमच्या शेजारच्यांच्या मुलासाठी" सेंटरचा पत्ता हवा असणारे तिथे सगळ्यांसमोर अडखळत बसतात. मी जिन्याच्या डाव्या बाजूला चपलांच्या रॅकपाशी उभी राहते, तिकडे या, शेजाऱ्यांचं नाव विचारणार नाही.