मास्तरांचं डबल तिकीट

श्रोतेहो, नमस्कार. कराडात माझं मेडिकलचं दुकान आहे, बत्तीस वर्षं झाली. आज बोलायचंय मनाच्या आजारांवरच्या गोळ्यांबद्दल. नेहमीची कंपनीची गोळी सोडून जेनेरिक, म्हणजे तेच औषध ब्रँडच्या नावाशिवाय, घ्यायची वेळ आली, तर काय बघायचं?

उदासीनता, मूडचे चढउतार, मुलांचं लक्ष न लागणं, यांची औषधं वर्षानुवर्षं चालतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, अहो, हीच गोळी तिकडे निम्म्या पैशात मिळते. मिळतेच. 2008 साली जनऔषधी, म्हणजे सरकारची स्वस्त जेनेरिकची दुकानं, सुरू झालं तेव्हा आम्ही दुकानदारांनी नाकं मुरडली होती. मीही मुरडलं, खोटं कशाला बोलू! पण महिनाअखेरीला पैसे नाहीत म्हणून गोळी बंद करणारी माणसं मी काउंटरवरून पाहिली आहेत. त्यांना स्वस्त गोळी मिळाली तर बरंच आहे.

आणि गंमत ऐका. आपण जिला कंपनीची गोळी म्हणतो, तीसुद्धा आपल्याकडे बहुतेक वेळा जेनेरिकच असते, फक्त तिचं बारसं झालेलं असतं. एकाच औषधाला पंचवीस नावं. म्हणून आधीच सांगून टाकतो, पुन्हाही सांगेन: कंपनीचं नाव सोडा, औषधाचं मूळ नाव वाचा. 2018 च्या नियमाप्रमाणे मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापावं लागतं. तरी डोळा जातो तो रंगीत नावाकडेच.

आता मास्तरांची गोष्ट. परवानगी घेतलीय. म्हणाले, नाव तेवढं सांगू नका, बाकी बिनधास्त सांगा.

मास्तर एसटीत कंडक्टर होते, कराड-चिपळूण गाडीवर. कुंभार्ली घाटात गाडी वळणावळणाला कलतेय आणि हे दांडा न धरता तिकीट पंच करतायत, कट्, कट्. तशी तिकिटं आता गेली. मशीनच्या तिकिटावरची छपाई खिशातल्या घामानं उतरेपर्यंत उडून जाते. पूर्वी पोरं तिकिटांची चळत जपून ठेवायची. असो.

तर मास्तरांना बायपोलर, म्हणजे मूडच्या टोकाच्या चढउतारांचा आजार, आणि त्यावर अठरा वर्षं लिथियम चालू. दोन गुलाबी गोळ्या, रात्री जेवणानंतर. महिन्याच्या महिन्याला यायचे. निवृत्त झाले तरी नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरायची सवय गेली नव्हती.

एप्रिलमध्ये आले आणि नोटा हातातून गळून खाली पडल्या. कंडक्टरच्या हातून नोटा! लिथियमनं बोटांना बारीक कंप येतो, तो मला माहीत होता. पण हा हात चांगला हलत होता. पायरी चढताना झोक जात होता. काकू बरोबर होत्या. म्हणाल्या, चार दिवस उलट्या होतायत, पोट बिघडलंय, ऊन बाधलं असेल.

मी विचारलं, "मास्तर, गोळ्या कशा घेताय?"

"दोन गुलाबी, अन् आता या दोन पांढऱ्या वाढल्यात."

"कुणी वाढवल्या?"

कुणीच नव्हत्या वाढवल्या. मुलानं पुण्यातल्या जेनेरिक दुकानातून तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन पाठवल्या होत्या. फोनवर सांगितलं, "बाबा, आता या घ्या." मास्तरांनी ऐकलं, "या पण घ्या."

पिशवीतून दोन्ही स्ट्रिप काढून त्यांनी काउंटरवर ठेवल्या. पांढरीवर स्वच्छ लिहिलेलं, लिथियम कार्बोनेट, 300 मिलिग्रॅम. गुलाबी स्ट्रिप माझ्याच दुकानातली, माझ्याच कात्रीनं कापलेली. ब्रँडची अडीच अक्षरं शिल्लक होती. मूळ नाव होतं तो तुकडा माझ्याकडेच राहिला होता. मी डब्यातून पूर्ण स्ट्रिप काढली, शेजारी ठेवली आणि बोट ठेवून दाखवलं. लिथियम कार्बोनेट, 300 मिलिग्रॅम.

म्हटलं, "मास्तर, एकाच प्रवाशाला डबल तिकीट फाडताय तुम्ही."

मास्तर बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले. मग विचारलं, "यातली खरी कुठली?"

"दोन्ही."

हे उत्तर काही त्यांना पटलं नाही. एक खरी असली तर दुसरी खोटी असायलाच हवी, असा त्यांचा चेहरा होता. तेवढ्यात मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि रिक्षा बोलावली. रक्तातलं लिथियम साधारण 0.6 ते 1.0 च्या दरम्यान असावं लागतं. मास्तरांचं निघालं 1.9. चार दिवस सलाईन. मूत्रपिंड वाचलं, हे नशीब. पुढे डॉक्टरांनी लिथियम पुन्हा सुरू केलं, ते त्याच पांढऱ्या गोळ्यांवर, दोनच, आणि रक्त तपासत. आजतागायत मास्तर उत्तम आहेत. म्हणजे जेनेरिक गोळी निर्दोष सुटली. दोष कात्रीचा आणि आमच्या सगळ्यांच्या गृहीत धरण्याचा.

वेळ संपत आलीय, उरलेलं भराभर सांगतो. गोळी बदलताना डॉक्टरांना आधी सांगा आणि जुन्या स्ट्रिप घरातून बाजूला काढा. लिथियम असेल तर बदलल्यावर आठवड्याभरानं रक्त तपासा, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या, आणि अंगदुखीला मनानं आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यानं लिथियम रक्तात साठतं.

दुसरं, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, ज्यांच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असतं. तिथे नुसतं मूळ नाव जुळून भागत नाही, ती अक्षरंही जुळली पाहिजेत. अमेरिकेत नैराश्यावरच्या ब्युप्रोपिऑनची 300 ची एक जेनेरिक गोळी अशीच होती. चाचणी 150 च्या गोळीवर झाली आणि 300 ला मान्यता मिळाली. रुग्ण तक्रार करत राहिले, उदासी परत आली म्हणून. शेवटी तिथल्या औषध प्रशासनानं स्वतः चाचणी घेतली आणि 2012 मध्ये ती गोळी बाजारातून गेली. तेव्हा "गोळी बदलल्यापासून बरं वाटत नाही" असं घरातलं कुणी म्हणालं, तर मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नका. तारीख लिहून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. पण गोळी परस्पर बंद करू नका. आणि पुन्हा सांगतो, मूळ नाव वाचा. डॉक्टरांचं अक्षर वाचता येत नसेल तर त्यांनाच वाचायला लावा, ऐकून मला बरं वाटेल.

मागच्या महिन्यात मास्तर दुकानात आले होते. पांढऱ्या गोळ्या आता मीच ठेवतो. दहाच गोळ्या हव्या होत्या, पंधराची स्ट्रिप, म्हणून मी सवयीनं कात्री उचलली. मास्तरांनी माझं मनगट धरलं. हात अजिबात हलत नव्हता.

"शेठ, हाफ तिकीट नको. फुल्ल फाडा."