खोगीर उतरवण्याआधी

मित्रहो, १९६४ साली फ्रेड विंटर यांनी घोड्यांच्या शर्यतीत उतरणं थांबवलं. इंग्लंडमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींचे ते चार वेळचे चॅम्पियन जॉकी, म्हणजे मोसमात सगळ्यात जास्त शर्यती जिंकणारे घोडेस्वार. ग्रँड नॅशनल ही तिथली सगळ्यात नावाजलेली अडथळ्यांची शर्यतही दोनदा जिंकलेले. पुढं त्यांनी मागितलं काय, तर शर्यत सुरू करून देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मदतनीसाची, सहायक स्टार्टरची नोकरी. तीही मिळाली नाही. मग लॅम्बोर्नला तबेला काढला आणि ट्रेनर म्हणून १९६५ ला ‘जे ट्रम्प’ आणि १९६६ ला ‘अँग्लो’ हे घोडे घेऊन लागोपाठ दोनदा ग्रँड नॅशनल मारली.

या गोष्टीला टाळ्या पडतात. मला मात्र तो नकार सलतो. विंटरांसारख्याला नाही म्हणतात, तर मोसमात जेमतेम चार-पाच घोडे जिंकून देणाऱ्या पोराला शर्यती थांबल्यावर कोण विचारणार?

हा पोरगा सोळा-सतराव्या वर्षी या धंद्यात येतो. पहाटे ट्रॅकवर्क, म्हणजे घोड्यांना सराव देणं, दुपारी शर्यत आणि सदैव वजनाची धास्ती. शाळा सुटते ती सुटतेच. आणि एका पडण्यात सगळं संपू शकतं. १९६३-६४ मध्ये टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरेल या दोघा जॉकींचा पाठीचा कणा मोडला, तेव्हा कुठं तिकडे जखमी जॉकींसाठी निधी उभा राहिला.

पण हा पोरगा काहीच शिकलेला नसतो, हे मला मान्य नाही. शर्यत संपल्यानंतरची दोन मिनिटं नीट बघा. जॉकी उतरतो, खोगिराचा पट्टा सोडतो, खोगीर काखेत मारून वजनाला निघतो आणि धापा टाकतच ट्रेनरला सांगतो: घोडा कुठं अडला, वळणावर कोणत्या पायावर जड पडला, पुढच्या वेळी अंतर वाढवावं की नाही. इतकं नेमकं बघणं आणि इतक्या थोडक्यात सांगणं कॉलेजात शिकलेल्यांनाही सहज जमत नाही. समालोचक, घोड्यांची पारख करणारा सल्लागार, रायडिंग शिकवणारा मास्तर, या सगळ्यांचं भांडवल तेच.

आणि घोड्यांपाशीच राहिलं पाहिजे असंही नाही. तिकडचेच चॅम्पियन जॉकी रिचर्ड डनवुडी यांना दुखापतीमुळं १९९९ मध्ये थांबावं लागलं. ते दक्षिण ध्रुवापर्यंत चालत गेले, रीतसर फोटोग्राफी शिकले आणि छायाचित्रकार झाले.

आपल्याकडे पेसी श्रॉफ यांचं नाव लगेच निघतं. चॅम्पियन जॉकी, पुढं तितकेच मोठे ट्रेनर. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण तबेला चालवायला पैसा लागतो, घोडे सोपवणारे मालक लागतात. दहातल्या नऊ जणांना ती वाट मोकळी नसते.

ब्रिटनमध्ये ‘जेट्स’ नावाची योजना निवृत्त जॉकींबरोबर आज शर्यतीत उतरणाऱ्यांनाही सल्ला आणि शिक्षणाला पैसे देते. मला त्यातलं ‘आज’ महत्त्वाचं वाटतं. पुण्या-मुंबईतल्या ॲप्रेंटिसांनाही, म्हणजे शिकाऊ जॉकींनाही, हे पहिल्या वर्षापासून मिळावं, अशी माझी मागणी आहे. ट्रॅकवर्क सकाळीच आटोपतं. शर्यत नसलेल्या दिवशी दोन तास काढून हिशेब, इंग्रजी, कॉम्प्युटर, ज्याला जे हवं ते शिकवा. फी रेस क्लबांनी आणि घोड्यांच्या मालकांनी मिळून भरावी.