दम नको, तास मोजा

नमस्कार, श्रोतेहो. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन फुफ्फुसं कमजोर होत जाणारा जुनाट आजार. त्याच्या रुग्णासाठी घरात ऑक्सिजनचं मशीन येतं आणि आठवड्याभरात त्याच्यावर टॉवेल वाळत पडतो. "दम लागला की लावीन," असं आजोबा म्हणतात. पण हे मशीन दम पाहून लावायचं नसतंच. का, ते एका मांजराकडून ऐका.

साल १९४६, गाव स्टॉकहोम. उल्फ फॉन ऑयलर आणि यॉरान लिलिएस्ट्रांड या दोघा शास्त्रज्ञांनी भूल दिलेल्या मांजराच्या हृदयाकडून फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीत दाब मोजायची सोय केली. आपल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. मांजराला त्यांनी जेमतेम १० टक्क्यांची हवा दिली. दाब चढला. मग शुद्ध ऑक्सिजन दिला, तर दाब उतरला. आता गंमत बघा, हातापायांत ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात. फुफ्फुसात मात्र त्या आवळल्या! दोघांनी याचा अर्थ लावला तो आपल्या कुळागरातल्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतल्या माणसाला लगेच कळेल. ज्या वाफ्याला पाणी देऊन उपयोग नाही, त्याचा पाट माती लावून बांधायचा आणि पाणी दुसरीकडे वळवायचं. फुफ्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही, तिथलं रक्त असंच वळवलं जातं. ऑयलरना पुढं १९७० साली नोबेल मिळालं, ते मज्जातंतूंवरच्या कामासाठी. मला विचाराल तर हे मांजर त्याहून मोलाचं.

पण सीओपीडीत कोपरा एक नसतो, फुफ्फुसभर असतात. सगळेच पाट बांधले तर पाणी जाणार कुठं? हृदयाची उजवी बाजू जोर लावत राहते, वाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि एक दिवस पाय सुजतात. नडगीवर अंगठा दाबून धरा. खळगा राहिला तर डॉक्टरांकडे न्या. आणि ध्यानात घ्या, वाहिन्या आवळतात तेव्हा दम लागेलच असं नाही.

म्हणून तास मोजा. ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन, बोटावरच्या मीटरवर दिसतो तो, स्वस्थ बसूनही ८८ टक्के किंवा त्याखाली राहतो, त्यांना डॉक्टर रक्त तपासून मशीन लिहून देतात. ते दिवसाला किमान १५ तास, झोपेतले तास धरून. पुन्हा सांगते, किमान १५ तास. १९८० आणि १९८१ साली अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये रुग्णांवर हे पाहिलं गेलं. जास्त तास ऑक्सिजन घेणारे जास्त जगले.

मात्र मशीनचे लिटर, म्हणजे मिनिटाला किती ऑक्सिजन सोडायचा तो आकडा, आपल्या मनानं वाढवू नका. बोटावरच्या मीटरला ८८ ते ९२ पुरे. जास्त ऑक्सिजननं बांधलेले पाट नको तिथं उघडतात, श्वासही मंदावू शकतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळी डोकं जड, दिवसभर गुंगी, ही त्याची खूण. अशांना रात्री मास्क लावायचं बायपॅप, म्हणजे श्वासाला जोर देणारं यंत्र, लागू शकतं, ते डॉक्टर ठरवतील.

आणि धूर! दिवाळीत नरकासुराचा पुतळा आपण हौसेनं करतो, करावा. पण पहाटे तो फटाक्यांसकट कुणा दमेकऱ्याच्या खिडकीखाली जाळू नये. अंगणातल्या पाचोळ्याचंही तेच. खड्डा करून कुजवा, माडाला खत होतं.

मशीनची स्पंजाची जाळी आठवड्याला साबणानं धुवा. पावसात ती दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओली बसवायची नसते, म्हणून दोन ठेवा. बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी रोज बदला. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन नको, पाण्यात विरघळणारं जेल लावा. समई, अगरबत्ती, गॅस यांपासून नळी लांब. लिटरच्या नळकांड्यातल्या गोळीचा मध्य रेषेवर हवा. वीज जाते, म्हणून भरलेला सिलिंडर जवळ ठेवा. ऑक्सिजन येतोय का अशी शंका आली, तर नाकातली टोकं पेलाभर पाण्यात बुडवा. बुडबुडे नसले तर आधी खाटेच्या पायाखाली बघा, नळी बहुतेक तिथंच चेपलेली असते.